रोजचं अंतर आणि गाडीचं पासिंग

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणीत कुणी पहिली गाडी घ्यायला निघाला की दोन प्रश्न ठरलेले: ॲव्हरेज किती देते आणि हप्ता किती बसतो. प्रश्न रास्तच आहेत, पण गाडी रोज किती पळणार हे ठरल्याशिवाय दोन्हींची उत्तरं अर्धवट राहतात. गावातल्याच वखारीत, दुकानात किंवा पतसंस्थेत कामाला जाणाऱ्याचं रोजचं जाणं-येणं फार तर आठ किलोमीटर, म्हणजे पंचवीस दिवसांचे दोनशे. पेट्रोल हिशेबापुरतं १०० रुपये लिटर धरलं, तर लिटरला ६० देणाऱ्या आणि ४५ देणाऱ्या गाडीत त्याला महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांचाच फरक पडतो. त्याने ॲव्हरेजवरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. मिळेल ती धड गाडी घ्यावी. सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्याचं गणित मात्र निराळं. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरले तर महिन्याला साडेबाराशे होतात. तिथे ६० आणि ४५ मधला तोच फरक महिन्याला सुमारे ७०० रुपयांवर जातो आणि पाच वर्षांत चाळीस हजारांच्या पुढे. एवढ्या रकमेत एक बरी जुनी गाडी येते. म्हणून या माणसाने दीडशे-एकशेसाठ सीसीच्या रुबाबदार गाडीकडे बघायचं असेल तर खुशाल बघावं, घ्यावी मात्र १०० ते १२५ सीसीचीच.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे पुणे-बेंगळुरू महामार्गावर शंभर सीसी नेणं जिवावरचं आहे. त्यात तथ्य आहे. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन जेमतेम आठ अश्वशक्तीचं, गाडीचं वजन ११२ किलोच्या आसपास. शेजारून कंटेनर गेला की हँडल हलतं. पण त्या रस्त्यावर मोटारी आणि लक्झरी बस शंभराने पळतात, त्यांच्यापुढे एकशेसाठ सीसीवाल्याचाही निभाव लागत नाही. दुचाकीने डाव्या कडेनेच जायचं, आणि जिथे सेवा रस्ता आहे तिथे त्यावरून. तिथे पन्नास-साठच्या वर जाण्याची सोय नाही आणि गरजही नाही. हंगामात उसाने भरलेली, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली रात्रपाळीहून परतताना अचानक समोर येते, तेव्हा उपयोगी पडतो तो ब्रेक. वेग साठऐवजी ऐंशी असेल तर ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला जवळजवळ पावणेदोन पट अंतर लागतं. आक्षेपातला एक मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा: २०१९ च्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आहे, त्याखालच्यांना फक्त सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो एवढंच. तरी बजाजने २०२२ मध्ये प्लॅटिना ११० एबीएससह आणली होती. रोज महामार्गावर जाणाऱ्याला ती जुनी मिळत असेल आणि त्याने तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजले तर ती उधळपट्टी ठरत नाही. आणि रोज मागे कुणी बसणार असेल, किंवा काम कागलऐवजी तवंदी घाट चढून संकेश्वरच्या बाजूला असेल, तर सरळ १२५ घ्यावी. पेट्रोलचा जादा खर्च महिन्याला दोनशेच्या आतच राहतो.

नवी की जुनी? सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाडीची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे. तरीही पहिल्या पगारावर जुनीच परवडते, आणि जुन्यातही एक विशिष्ट वर्ष शोधण्यासारखं आहे. १ एप्रिल २०१९ पासून लहान गाड्यांना सीबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि त्याबरोबर बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. या दोन तारखांच्या मधल्या गाडीला ब्रेक नव्या नियमाचे आणि इंजिन जुन्या पद्धतीचं. कार्बोरेटर कुठल्याही खेड्यातला मिस्त्री झाडाखाली बसून साफ करून देतो. इंजेक्शनची गाडी वाईट नाही, थंडीत उलट चटकन चालू होते, पण तिचा सेन्सर बिघडला की स्कॅनर असलेलं गॅरेज शोधावं लागतं. नोंदणी पंधरा वर्षांची असल्याने अशा गाडीला अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. विमा मात्र बघून घ्यावा: नव्या गाडीबरोबर सक्तीने घेतलेली पाच वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी संपलेली असणार. ७५ ते १५० सीसीसाठी ती २०२२ च्या दराने वर्षाला ७१४ रुपये अधिक कर अशी पडते. दीडशेच्या वर गेलात की १,३६६.

खरी ठेच लागते ती पुढे, आणि ती सीमाभागातच लागते. कोल्हापूर इथून चाळीस किलोमीटरवर. तिथला जुन्या गाड्यांचा बाजार मोठा, निवड भरपूर, आणि एमएच ०९ पासिंगची गाडी चिकोडीच्या केए २३ पेक्षा दोन-चार हजारांनी कमी सांगितली तर हात खिशाकडे जातोच. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी, चिकोडीला नवी नोंदणी, कर्नाटकाचा कर. आणि महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत हवा असेल तर तिकडे वेगळा अर्ज. दोन-चार हजारांची बचत यातच विरते, शिवाय खाड्यांमुळे बुडालेली मजुरी कुणी धरत नाही. लोक म्हणतात, अर्धी निपाणी एमएच गाड्या फिरवते, कोण विचारतो? रोज कुणी विचारत नाही, हे खरं. पण गाडी विकताना गिऱ्हाईक विचारतं, आणि आरसी मूळ मालकाच्याच नावावर राहिली असेल तर अपघाताच्या दाव्यात वकील विचारतो. उलट केए २३ ची गाडी निपाणीत ठेवून रोज कागलला नेण्यात काहीच अडचण नाही. विमा देशभर चालतो.

राहिली तपासणी. गाडी बघायला सकाळी, इंजिन गार असताना जावं. आधीच तापवून ठेवलेली गाडी किकला सुरू होणारच. मीटर फिरवलेला असू शकतो, पण झिजलेला किकचा आणि ब्रेक पेडलचा रबर फिरवता येत नाही. पुढचं चाक उचलून हँडल हलवलं की कोनसेट गेला असेल तर खटका लागतो. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी असा टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. चेसी नंबर आरसीशी ताडून बघावा, परिवहनच्या ॲपवर दंड आणि कर्जाचा बोजा तपासावा. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. आणि विकणाऱ्याने सही केलेला नावबदलीचा टीटी फॉर्म खिशात ठेवून निश्चिंत होऊ नये: राज्यातल्या राज्यात खरेदीदाराने तीस दिवसांत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ठरलेल्या किमतीतले पाचएक हजार आरसीवर नाव चढेपर्यंत राखून ठेवावेत. विकणारा त्याला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघावी.