इंग्रजीतील दुर्मिळ शब्दांची थोरवी

इंग्रजीतील पहिला एकभाषिक कोश म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, तो रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने 1604 साली सिद्ध केलेला छोटेखानी ग्रंथ नित्याच्या शब्दांसाठी नव्हताच. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आदी भाषांतून आलेल्या आणि सामान्य वाचकास, विशेषतः विद्येपासून वंचित ठेवलेल्या स्त्रियांस, दुर्बोध वाटणाऱ्या सुमारे अडीच हजार शब्दांचे अर्थ सुलभ करून सांगावेत, हा त्याचा हेतू होता.

अशा शब्दांना पांडित्याचा दिमाख म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. ‘डिफेनेस्ट्रेशन’, म्हणजे माणसास खिडकीतून बाहेर फेकणे, हाच शब्द घ्या. 1618 साली प्रागच्या राजवाड्यात प्रक्षुब्ध प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी व त्यांचा चिटणीस यांना खिडकीबाहेर लोटले. तिघेही बचावले, परंतु त्या कृत्यातून पेटलेले युद्ध तीस वर्षे धुमसत राहिले, आणि ‘फेनेस्ट्रा’ या खिडकीवाचक लॅटिन शब्दापासून घडलेल्या या नावाशी तो सारा इतिहास निगडित झाला.

‘पेट्रिकोर’ त्याहून मनोहर. कोरड्या भूमीवर पाऊस पडताच दरवळणाऱ्या गंधास 1964 साली इझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी हे नाव दिले. ‘पेट्रा’ म्हणजे पाषाण, ‘इकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या धमन्यांतून वाहणारे द्रव्य. आपण ज्याला मृद्गंध म्हणतो आणि कनौजचे अत्तारी ज्याचे अत्तर काढतात, तोच हा सुवास.

वाचकांनी असा शब्द आढळताच केवळ अर्थापाशी न थांबता कोशातील व्युत्पत्तीही अवश्य पाहावी.