ओळखीचा आवाज, अनोळखी चेहरा



हैदराबादेत काचीगुडा व नारायणगुडा यांच्यालगत बरकतपुरा नावाची वस्ती आहे. या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. घरात मराठी, बाजारात दखनी हिंदी आणि शेजारी तेलुगू अशा वातावरणात तेथील मुले वाढतात. म्हणूनच १० जुलै २०१५ रोजी ‘बाहुबली’ पडद्यावर आला, तेव्हा तो त्यांना परका वाटला नाही. त्याचे पुष्कळसे चित्रीकरण त्यांच्याच शहराबाहेरील रामोजी फिल्म सिटीत झाले होते.

कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न मागे ठेवून तो चित्रपट संपला. त्याचे उत्तर मिळण्यास २८ एप्रिल २०१७ उजाडावा लागला. तोवर घरोघरी जेवणाच्या पंगतीत तर्कवितर्क चालत. लोक ज्या कथेची वाट पाहतात, ती कथा त्यांच्या घरचीच होऊन जाते.

पुढे या कथेवर घरच्या पडद्यासाठी चित्रमालिका निघाल्या. २०१७ साली ‘द लॉस्ट लेजेंड्स’ आली. १७ मे २०२४ पासून ‘क्राउन ऑफ ब्लड’ डिस्ने प्लस हॉटस्टारवर दिसू लागली. दिग्दर्शक राजामौली व शरद देवराजन यांची नावे तिच्याशी निगडित होती. हिंदी चित्रपटांत बाहुबलीला आवाज देणारे शरद केळकर येथेही होते. अपेक्षा वाढली, यात नवल ते काय!

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. चित्रपटाच्या वर्षी जन्मलेला नातू आता नऊ वर्षांचा झाला आहे. आजोबांच्या शेजारी बसून तो मालिका पाहतो आहे. रक्तदेव नावाचा शत्रू माहिष्मतीवर चालून येतो, बाहुबली व भल्लालदेव खांद्याला खांदा लावून उभे राहतात, तलवारी खणखणतात. एवढ्यात नातू विचारतो, “आजोबा, यात बाहुबली मरणार नाही ना? तो तर पुढे सिनेमात आहे.” आणि आजोबांपाशी उत्तर उरत नाही. मुलाने मर्मावर नेमके बोट ठेवले आहे.

ही कथा मूळ कथेतील भीषण घटनांच्या आधी घडते. बाहुबली, भल्लालदेव, कटप्पा यांतील कोणीही दगावणार नाही, हे प्रेक्षकाला आरंभापासूनच ठाऊक असते. हे दोघे भाऊ पुढे एकमेकांचे वैरी होणार, हेही तो जाणतो. शेवट ठाऊक असलेली कथा रसहीनच असते, असे मात्र नाही. रामायणाचा शेवट कोणाला ठाऊक नाही? परंतु तेथे प्रत्येक प्रसंग माणसाचे अंतःकरण उलगडून दाखवतो. येथे एका युद्धानंतर दुसरे युद्ध येते, आणि अंतःकरण जेथे होते तेथेच राहते.

दोष संगणकाचा म्हणावा, तर मूळ चित्रपटही त्याच्या साहाय्यावाचून उभा राहिला नसता. अथिरापल्लीच्या धबधब्याजवळ चित्रीकरण झाले खरे, पण गगनाला भिडणारा तो प्रपात संगणकानेच घडविला. तरीही त्या दृश्यांच्या मध्यभागी एक जिवंत माणूस होता. नदीच्या पुरात बुडत असताना बाळाला एका हाताने उंच धरणारी शिवगामी आठवावी. रम्या कृष्णन यांच्या डोळ्यांतील तो निर्धार पाहणाऱ्याच्या काळजात रुतला. बाहुबलीचा पाय मस्तकी घेणारे सत्यराज यांचे कटप्पा आठवावेत. त्याच कटप्पाने आधी त्याच्या वडिलांच्या पाठीत तलवार खुपसली होती, म्हणून तर देश हळहळला. मालिकेतील रेखाटलेल्या मुद्रा सुबक आहेत, पण त्यांवर ते ओझे दिसत नाही.

मुलांसाठी चित्रमालिका काढू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. अनेक मुलांना ही मालिका आवडलीही असेल. त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही. मात्र नामवंत चित्रपटाचे नाव लावले, की त्या नावाचे ऋणही खांद्यावर येते. ते केवळ मोठ्या लढायांनी फिटत नाही.

पालकांनी एक करावे. मालिका मुलांबरोबर पाहावी, मग एखाद्या सुटीच्या दिवशी मूळ चित्रपट दाखवावा. त्यात रक्तपात आहे, तेव्हा मुलाचे वय पाहून आणि शेजारी बसूनच दाखवावा. नंतर विचारावे, “तुला कोणता प्रसंग आठवतो?” बरकतपुऱ्यातील तो नातू बहुधा लढाईचे नाव घेणार नाही. पाण्यावर उचललेल्या त्या एका हाताची गोष्ट तो सांगेल.