इंजिनाचे आटे गेले तर

तुमच्या गावात एखादी जुनी जावा किंवा येझदी मोटारसायकल अजून धावत असेल. ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकिया देशातली. आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यात ती १९६१ सालापासून बनू लागली. १९७३ साली तिला येझदी हे नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पुढे २०१८ साली जावा नावाच्या नव्या गाड्या निघाल्या. पण त्यांचे इंजिन वेगळे. त्याचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत. म्हणून जुन्या इंजिनाचा एखादा भाग बिघडला, तर तो भंगारात टाकण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

या इंजिनाचे एक नेहमीचे दुखणे म्हणजे आटे जाणे.

आटे म्हणजे काय? बोल्टवर गोल गोल फिरत जाणारी खाच असते. तिच्या वेढ्यांना आपण आटे म्हणतो. भोकाच्या आतही तसेच आटे असतात. बोल्टचे आटे भोकाच्या आट्यांत अडकतात. बरणीचे फिरकीचे झाकण बसते तसेच हे. आटे झिजले, की बोल्ट नुसता गरगर फिरतो. आवळतच नाही.

आता या इंजिनाचा प्लग पाहू. इंजिनाच्या माथ्यावर हेड असते. ते अॅल्युमिनियमचे. त्याच्या भोकात प्लग बसतो. प्लगाचे आटे पोलादी. पोलाद कठीण, अॅल्युमिनियम मऊ. दोघांचे जुंपले तर कोण हरणार, हे सांगायला नको. भोक १४ मिलिमीटरचे असते. एका आट्यापासून दुसरा आटा सव्वा मिलिमीटरवर. म्हणजे अर्ध्या इंचात जेमतेम दहा आटे. सगळा भार त्या दहांवर.

या गाडीच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते. त्याने प्लगावर काजळी धरते. मग प्लग काढा, पुसा, पुन्हा बसवा. हे वरचेवर चालते. कोणी प्लग तिरपा घालतो आणि पान्याने रेटतो. कोणी पान्याला पाइप लावून जोर करतो. कोणी इंजिन तापलेले असतानाच प्लग काढतो. असे केले, की मऊ आटे खरवडून निघतात. आम्हांला विचाराल तर पान्याला पाइप लावणाऱ्याच्या हाती पाना देऊच नये.

आटे गेले, की पुष्कळ लोक प्लगाला दोरा किंवा तार गुंडाळतात. शेजारच्या वाडीतले एक दूधवाले असेच करत. दोन महिने निभावले. एका सकाळी चढावर फाडकन आवाज झाला आणि प्लग उडाला. दोन कॅन भरलेले, डेअरीची वेळ टळली, दूध नासले. इंजिनात दर फेऱ्याला स्फोट होतो. तो प्लगाला अंदाजे एका धान्याच्या पोत्याएवढ्या जोराने बाहेर ढकलतो. तिथे दोऱ्याचे काय चालणार? नशीब, प्लग कोणाच्या डोळ्याला लागला नाही. एकाने त्यांना सांगितले, हेड बदला. पण हेड मिळेना. शेवटी तालुक्याच्या एका टर्नरने जुन्याच हेडात नवे आटे करून दिले.

ते कसे करतात?

आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. मग हेडाचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करावेत. हेड काढूनच काम करावे. हेड जागेवर ठेवून भोक पाडले, तर धातूचा कीस सिलिंडरात पडतो. दट्ट्या आणि सिलिंडर दोन्ही खरवडतात.

मग भोक थोडे मोठे करून त्यात टॅपने मोठे आटे पाडतात. टॅप अगदी सरळ धरावा लागतो. गुण्या लावून पाहावे. टॅपवर रॉकेल टाकावे. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई केली तर अॅल्युमिनियम टॅपला चिकटते आणि नवे आटेही फाटतात.

या मोठ्या भोकात दोनपैकी एक गोष्ट बसवतात. एक म्हणजे हेलिकॉइल. ही न गंजणाऱ्या पोलादी तारेची गुंडाळी. दिसायला स्प्रिंगसारखी. तिच्या बाहेरच्या अंगाचे आटे हेडात बसतात, आतल्या अंगाच्या आट्यांत जुन्याच मापाचा प्लग बसतो. दुसरी म्हणजे लेथवर केलेला जाड बुश. त्याला आतून आणि बाहेरून आटे असतात. इंजिनाच्या कव्हराच्या बारीक बोल्टांना हेलिकॉइल उत्तम. प्लगासाठी मात्र आम्हांला बुश बरा वाटतो, कारण प्लग सारखा काढघाल होतो आणि त्याच्याबरोबर गुंडाळीही निघून यायची भीती असते. कोणतीही बसवा, तिचे टोक हेडाच्या आत डोकावता कामा नये. ते तापून लाल होते आणि पेट्रोल अवेळी पेटवते. लांब आट्यांचा प्लगही या गाडीला घालू नये. तो दट्ट्यावर आदळू शकतो.

कव्हराचा बोल्ट गेला असेल, तर आधी भोकात काडी घालून खोली मोजावी. कधी कधी तळाशी चांगले आटे शिल्लक असतात. थोडा लांब बोल्ट घातला, की काम भागते. मात्र मापाकडे लक्ष द्यावे. जावाचे आटे मिलिमीटरचे, जुन्या बुलेटचे पुष्कळसे इंचाचे. एकाचा बोल्ट दुसऱ्यात रेटला, की आटे गेलेच.

हेड पुन्हा बसवल्यावर प्लग आधी बोटांनी फिरवावा. बोटांनी पूर्ण बसला, की मगच पाना लावावा. वायसर नवा असेल तर अर्धा फेरा आवळावा. जुना असेल तर त्याहून पुष्कळ कमी. मग चावी बंद ठेवून, प्लगाभोवती साबणाचे पाणी लावावे आणि दोन-चार किका माराव्यात. बुडबुडे आले नाहीत, तर गाडी सुरू करून जवळच एक चक्कर मारून आणावी. इंजिन गार झाल्यावर प्लग ढिला झाला का, ते एकदा बोटांनी पाहावे.