मुलांच्या चेहऱ्यावर मुरूम का येतात?

आठवी-नववीत गेल्यावर वर्गातली काही मुलं हळूहळू मागच्या बाकावर सरकतात. मुली ओढणी गालावर ओढून बसतात, मुलं ग्रुप फोटोच्या दिवशी हमखास गैरहजर. आम्ही शिक्षक हे दरवर्षी पाहतो. पालक सभेत विषय निघाला की उत्तरंही ठरलेली असतात: खून खराब झालाय, अंडी-मटण जास्त होतंय, तोंड नीट धूत नाही. खरं कारण या तिन्हींत नाही.

घरात आपण ज्याला मुहांसे म्हणतो, त्याला मराठी पुस्तकात तारुण्यपिटिका म्हणतात. शब्द अवघड, पण कारण त्यातच आहे. वयात येताना मुलगा असो की मुलगी, शरीरात अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात. त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. चेहरा, छाती आणि पाठीवर या ग्रंथी जास्त, म्हणून मुरूमही तिथेच. हे तेल केसाच्या मुळाजवळच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतं. त्याच काळात छिद्रातल्या मृत पेशी नीट झडत नाहीत, तेलात चिकटतात आणि बूच बसतं. आत जीवाणू वाढतात (ते सगळ्यांच्याच त्वचेवर असतात, बाहेरून कुणी आणलेले नसतात), सूज येते आणि लाल, दुखरा फोड तयार होतो. छिद्राचं तोंड उघडं राहिलं तर तेच बूच काळं दिसतं. तो काळा ठिपका म्हणजे मळ नाही. घासून तो जात नाही, उलट सूज वाढते. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. वुजूच्या पाण्याने काही बिघडत नाही, फक्त प्रत्येक वुजूला साबण लावू नये.

अम्मी-अब्बूंना त्यांच्या वयात भरपूर मुरूम आले असतील, तर मुलांनाही येण्याची शक्यता जास्त. मुलाला बोल लावण्याआधी आपले दहावीचे फोटो एकदा काढून पाहावेत!

खाण्याचं म्हणाल, तर मटणापेक्षा संशय घ्यावा तो साखर, मैदा आणि कोल्ड्रिंकचा, म्हणजे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांचा. काहींना दुधानेही त्रास वाढतो, सगळ्यांना नाही. भजी खाल्ली म्हणून तेल चेहऱ्यावर येत नाही, पण डोक्याला चोपडलेलं तेल कपाळावर उतरतं आणि छिद्रं बंद करतं. घट्ट टोपी, हेल्मेटचा पट्टा, हनुवटीखाली दिवसभर घासणारा स्कार्फ, यांच्या कडेनेही पुटकुळ्या उठतात. सुती कापड आणि रोज धुतलेला स्कार्फ एवढ्यानेही फरक पडतो.

लिंबू, टूथपेस्ट, मुरूम फोडणं, हे सगळं नुकसानीचं. पण सगळ्यात जास्त नुकसान मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबचं होतं. शेजारच्या खालांनी सांगितलं, दुकानदाराने दिली. आठ दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळतो, घरात सगळे खूश. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. काही आठवड्यांनी, महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, गालावर लव वाढते आणि मुरूम पुन्हा येतात. क्रीम थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून मुलगी तेच पुन्हा लावते. या चक्रातून बाहेर पडायला महिने लागतात. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ती ट्यूब मुरमांवर लावायची नाही. आधीच बरेच दिवस लावत असाल तर ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचा विभाग असतो आणि तिथे खर्चही फार येत नाही.

खरा उपचार संथ असतो. डॉक्टर बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडापालीनसारखं औषध देतात. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, थोडी चुरचुरते, आणि फरक दिसायला 6 ते 12 आठवडे जातात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारेच आम्हाला जास्त भेटतात. खोल, गाठीसारखे फोड असतील तर मात्र थांबू नका, त्यांचे खड्डे कायमचे राहतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. अम्मींनी हे लाजेखातर टाळू नये. आणि डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लिहिल्या असतील, तर लग्न झालेलं आहे किंवा ठरलेलं आहे हे त्यांना आधी सांगा. या गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळ्या बंद केल्यावरही निदान एक महिना थांबावं लागतं.