पंखा कुणाचे ऐकतो? प्रोसेसर बदलल्यानंतरचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रोसेसर बदलला, संगणक सुरू झाला, सगळे प्रोग्रॅमही नीट उघडले. पण कॅबिनेटमधून मिक्सर लावल्यासारखा आवाज येऊ लागला. किंवा पंखा दर काही सेकंदांनी चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. अशा वेळी निदान ठरलेले असते: नवा प्रोसेसर फार तापतो, पंखा बिघडला आहे किंवा पेस्ट कमी पडली आहे. मग महागडा कूलर विकत घेतला जातो, पेस्ट पुन्हा लावली जाते आणि आवाज पुष्कळदा होता तसाच राहतो. या तिन्ही निदानांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे पंख्याला उष्णता कळते. ती त्याला कळत नाही. त्याला फक्त मदरबोर्डवरच्या एका चिपकडून आलेला विद्युत संकेत कळतो. ती चिप बायोसमध्ये साठवलेला तक्ता पाहते, तक्त्याला तापमानाचा एक आकडा लागतो आणि तो आकडा प्रोसेसर पुरवतो. प्रोसेसर बदलला की या साखळीची पहिली कडी बदलते, बाकीच्या जुन्याच राहतात. बिघाड बहुतेक वेळा या जोडावर असतो, आणि पैसे मात्र शेवटच्या कडीवर, म्हणजे पंख्यावर, खर्च होतात.

एएमडीच्या एएम४ सॉकेटइतके याचे चांगले उदाहरण मिळणार नाही. २०१७ मध्ये रायझन ५ १६०० घेतलेल्या अनेकांना २०२२ पासून नुसते बायोस अद्ययावत करून त्याच मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० बसवता आला. दोन्हींवर ६५ वॅट लिहिलेले. त्यातून सर्वांत पक्का गैरसमज जन्मतो: वॅट तेवढेच, म्हणजे तापमानही तेवढेच असायला हवे. पण वॅट म्हणजे उष्णता किती, आणि तापमान म्हणजे ती किती जागेत कोंडली आहे. जुन्या प्रोसेसरची चिप १४ नॅनोमीटर तंत्राची, सुमारे २१३ चौरस मिलिमीटरची होती. नव्यातले सगळे कोअर ७ नॅनोमीटरच्या, सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर आहेत. एवढ्याशा जागेतून जवळपास तेवढीच उष्णता बाहेर काढायची, तर आकडा वर जाणारच. शिवाय ६५ हा आकडा विजेच्या वापराची कमाल मर्यादा नव्हेच. एएम४वर ६५ वॅटच्या प्रोसेसरला सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते आणि १०५ वॅटच्या प्रोसेसरला १४२ वॅटपर्यंत. १६०० बरोबर मिळणारा रेथ स्पायर हा ५६०० बरोबरच्या रेथ स्टेल्थपेक्षा मोठा कूलर आहे. त्यामुळे ‘नवा तो चांगला’ म्हणून जुना कूलर काढून टाकणाऱ्याने नुकसानच करून घेतलेले असते.

आकडा वर गेला याचा अर्थ प्रत्येक वेळी तापमान वर गेले असाही नाही. रायझनच्या पहिल्या पिढीत १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा सांगत. २७००एक्स १० अंश मिळवी. ही चूक नव्हती. एएम४वरच्या सगळ्या प्रोसेसरना पंख्याचे एकच धोरण लागू पडावे म्हणून कंपनीने हे मुद्दाम केले होते आणि मार्च २०१७ मध्ये तसे जाहीरही केले होते. म्हणजे साध्या १६०० वरून २७००एक्सवर गेलेल्या माणसाला पडद्यावर ७० दिसले, तर चिप ६० वर असू शकते. बायोसचा तक्ता मात्र ७० धरूनच पंखा फिरवणार. इंटेलचा संवेदक तर मुळात थेट तापमान मोजतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच तो सांगतो. मर्यादा १०० आणि अंतर ४०, तर सॉफ्टवेअर ६० दाखवते. ही मर्यादा सॉफ्टवेअरने चुकीची धरली, तर पडद्यावरचा प्रत्येक आकडा तेवढ्याच अंशांनी चुकतो. म्हणून जुन्या प्रोसेसरचा आकडा आणि नव्याचा आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. बायोसमधला आकडा आणि विंडोजमधला आकडा यांची तुलनाही फसवीच असते. बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरची वीज वाचवणारी विश्रांती सहसा चालू नसते, त्यामुळे तिथे तो विनाकाम असूनही अधिक तापलेला दिसतो.

चढउताराचा आवाज हा आणखी निराळा प्रकार. ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला की प्रोसेसर एखाद्या कोअरला क्षणभर पूर्ण वेगाने पळवतो, आकडा दहा-पंधरा अंशांनी उडी मारतो आणि काम संपताच खाली येतो. पंख्याचा तक्ता या उडीमागे धावतो. आता स्वयंपाकघरातला जाड बिडाचा तवा आठवा. गॅस दोन सेकंद मोठा करून पुन्हा बारीक केला, तर तव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कूलरचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, तसाच आहे. चिपचा आकडा उडतो तेव्हा तो जेमतेम हललेला असतो, आणि पंखा वारा घालतो तो हीटसिंकला, चिपला नव्हे. त्या दोन सेकंदांच्या वाऱ्याने काहीच थंड होत नाही. आवाज मात्र होतो. यावर इलाज फुकट आहे. बायोसमध्ये पंख्याचा वेग वाढवण्यापूर्वी थांबण्याचा अवधी असतो; कुठे त्याला स्टेप-अप टाइम म्हणतात, कुठे आणखी काही. तो चार-पाच सेकंद केला आणि ६० अंशांखालचा आलेख सपाट ठेवला, तर नवा कूलर न घेता बहुतेकांची तक्रार मिटते.

पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो, तेव्हा संशय प्रोसेसरवर घेण्याआधी वायरीच्या टोकाकडे पाहावे. चार पिनांच्या पंख्यात ग्राउंड, १२ व्होल्ट, फेऱ्यांची मोजणी आणि नियंत्रणाचा संकेत (पीडब्ल्यूएम) अशा चार तारा असतात. हा संकेत सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होतो. माणसाच्या कानाला साधारण २० हजारांपर्यंतच ऐकू येते, म्हणून त्याची शीळ आपल्याला छळत नाही. तीन पिनांच्या पंख्याला ही चौथी तार नसते, पण त्याचा कनेक्टर चार पिनांच्या खाचेत बिनबोभाट बसतो, एक पिन बाहेर ठेवून. अशा पंख्याचा वेग व्होल्टेज घटवूनच कमी करता येतो आणि त्यासाठी बायोसमध्ये त्या जागेचा प्रकार डीसी करावा लागतो. नवा प्रोसेसर चालावा म्हणून बायोस अद्ययावत केले की जुन्या सेटिंग पुसल्या जातात, प्रकार पुन्हा पीडब्ल्यूएम होतो आणि काल शांत असलेला तोच पंखा आज गर्जतो. दोष प्रोसेसरवर जातो, कारण डोळ्यांना तोच बदललेला दिसतो. लिनक्सवरही असेच घडते: संवेदकांचे क्रमांक बदलले की पंखे सांभाळणाऱ्या फॅनकंट्रोल या सेवेची जुनी फाइल लागू पडत नाही आणि ती सेवा सुरूच होत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: पंखा पूर्ण वेगाने फिरू द्यावा, आवाज सोसावा, प्रोसेसर तर सुरक्षित राहील. पण आजचा प्रोसेसर स्वतःचे रक्षण स्वतः करतो. मर्यादेला टेकला की वेग आपोआप उतरवतो. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेत तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाणे हे रचनेतच धरलेले आहे. जास्त वारा दिला की तो थंड राहण्याऐवजी अनेकदा थोडा अधिक वेग घेतो आणि पुन्हा तिथेच पोहोचतो. उलट पंख्याचा वेग २० टक्के कमी केला, तर आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो, आणि हा फरक कानाला स्पष्ट जाणवतो. ऋतूही विसरू नये. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच चढतो. जानेवारीत पुण्यात बसवलेला आलेख मे महिन्यात नागपुरात गोंगाट करणारच, आणि प्रोसेसर नेमका मे महिन्यात बदलला असेल तर बदनाम तोच होतो.

पेस्टचा आणि बसवणीचा दोष खरोखर असतो, पण त्याची खूण वेगळी असते. जड काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत आकडा थेट मर्यादेला भिडतो, आणि हात लावावा तर हीटसिंक कोमटच लागतो. उष्णता चिपमध्येच अडकली आहे, वर चढलेलीच नाही. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली असेल किंवा एखादा स्क्रू वाकडा बसला असेल. तपासायला कूलर उचलताना एएम४वर एक धोका आहे. सुकलेल्या पेस्टने प्रोसेसर कूलरला चिकटतो आणि सरळ ओढला तर खटका बंद असतानाही १३३१ नाजूक पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून वीज काढावी, कूलरचे स्क्रू किंवा पकड सोडवावी आणि तो हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सैल झाल्यावरच वर घ्यावा.