पाय दुखत नाही, म्हणूनच बघायचा

बचत गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो: "लघवीला मुंग्या लागत नाहीत, मग मला साखर कशी असेल?" उपाशीपोटी रक्तातली साखर 126 किंवा जास्त आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर तो मधुमेह. पण मूत्रपिंडं लघवीत साखर सोडू लागतात ती साधारण 180 च्या पुढे. म्हणजे मुंग्यांची वाट बघेपर्यंत आजार घरात शिरलेला असतो.

भाकरीची, भाताची पोटात साखर होते आणि रक्तातून अंगभर जाते. इन्सुलिन तिला पेशींच्या आत घेतं. ते कमी पडलं किंवा त्याचं काम नीट होईना, की साखर रक्तातच राहते. अंगणात सरपणाचा ढीग आणि चूल थंड! म्हणून थकवा येतो, तहान लागते, वजन उतरतं. कित्येकींना मात्र वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही.

तरी आत बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतच असतात. सर्वांत लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायापासून. आधी मुंग्या, आग, मग पाय बधिर. चप्पल निसटली तरी कळत नाही. बाभळीचा काटा मोडला, तरी दुखत नाही म्हणून बाई खुरपायला जाते. रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखम भरत नाही, चिघळते, आणि बोट, कधी पाऊलही कापायची पाळी येते. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातीला बघायला सांगा. शेतात अनवाणी नको. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही.

डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडंही अशीच गुपचूप बिघडतात. दोन्हींची तपासणी वर्षातून एकदा हवीच.

आता उपवास. साबुदाणा, बटाटा, रताळं यांचीही पोटात साखरच होते. उलट काही गोळ्या घेऊन कडक उपवास केला, तर साखर एकदम उतरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी लगेच साखर नाहीतर गूळ खायचा. उपवास मोडला म्हणून देव रागावत नाही, असं आम्ही तरी मानतो. गोळी मनानं बंद करू नका, नवरात्राआधीच डॉक्टरांना विचारा.

तिशी उलटलेल्यांची साखर उपकेंद्रात मोफत तपासतात. कोणत्या दिवशी, ते आशाताईंना विचारा. गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिनं बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवड्यांत एकदा आणि पुढेही अधूनमधून तपासून घ्यावी.