दिवसाची झोप आळसाची नव्हे

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, जेवता जेवता डुलू लागतात. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहतो. एके काळी रात्रभर उसाला पाणी पाजून सकाळी वैरणीचा भारा आणणारा हा माणूस. एकदा माझ्या तोंडून निघून गेले, "तात्या, किती झोपतायसा!" ते म्हणाले, "मी झोपत न्हाई रं, झोपच मला धरती."

बोलणे खरे होते, चूक माझी होती. तात्यांना कंपवात आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतात. हाताची थरथर, अंगाचा ताठरपणा सर्वांना दिसतो. दिवसाची झोप मात्र रोगात कोणी धरत नाही.

या रोगात हालचालीला लागणारे डोपामिन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी मरत जातात. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. माणसाला जागे ठेवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुडाशी असतात. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात जावे तसे त्यांचे संदेश मेंदूभर पोचतात. यांपैकी ओरेक्झिन बनवणाऱ्या पेशीही कंपवातात घटतात, असे २००७ साली मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीत आढळले. दिवसा पेंगणाऱ्या रुग्णांच्या एमआरआय तपासण्यांत मेंदूच्या भागांचा आपसांतील संपर्क बदललेला दिसला आहे. पाट जागोजागी फुटला, की शेवटचा वाफा कोरडा राहणारच!

आणखीही कारणे असतात. रात्री वारंवार लघवीला उठणे, स्वप्नात ओरडणे, हातपाय झाडणे यांनी झोप मोडते. काही गोळ्यांनीही झोप येते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी क्वचित एकाएकी डोळा लागतो.

मग घरच्यांनी काय करावे? गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; त्यात धोका आहे. आठवडाभर गोळीची वेळ व झोपेची वेळ वहीत लिहून ती डॉक्टरांना दाखवावी. सकाळी उन्हात फिरवावे, दुपारची झोप थोडकीच असू द्यावी. ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी, विहिरीचा काठ व चूल यांपासून अशा माणसाला जपावे. खाजकुइलीच्या बियांत कंपवातावरचे लेव्होडोपा हे औषध असते हे खरे; पण किती जाते याचा अंदाज नसल्याने घरगुती चूर्ण गोळ्यांबरोबर देऊ नये.

आम्हीही अशी वही ठेवली. ती पाहून डॉक्टरांनी तात्यांच्या एका गोळीचे प्रमाण कमी केले. झोप पुरती गेली नाही, पण सकाळभर ते गोठ्यापाशी जागे बसतात, म्हशीशी बोलतात. दुपारी डोळा लागला, तर माझी चुलती हातातला तुकडा अलगद काढून ठेवते. 'आळशी' हा शब्द आता आमच्या घरात कोणी उच्चारीत नाही. तुमच्या घरात असे कोणी पेंगत असेल, तर आधी रागावू नका, वही उघडा.